फ्रेशमनचा सीझन कसा वाचायचा? ट्रे यंगचे ३२ सामने घेऊन बघू

अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल जरा फॉलो करायला लागलं की दरवर्षी मार्चच्या आसपास एकच वाद सगळीकडे दिसतो, अमुक फ्रेशमन खरंच भारी आहे की उगाच हवा केलीय. एक जण पॉइंट्सचं ॲव्हरेज तोंडावर फेकतो, दुसरा म्हणतो अरे पण टीम हरली ना, तिसरा कुठल्यातरी वेबसाइटवरचा चार अक्षरी आकडा आणून चिकटवतो ज्याचा अर्थ त्यालाही धड माहीत नसतो. तर हे सगळं जरा निवांत, एकच केस घेऊन उलगडून बघू. केस आहे ट्रे यंगची, ओक्लाहोमा युनिव्हर्सिटी, २०१७-१८ चा सीझन. ही निवडली कारण एका वर्षात कौतुक आणि शिव्या दोन्ही इतक्या भरभरून मिळालेला फ्रेशमन मला तरी दुसरा आठवत नाही.

आधी बेसिक गोष्ट. फ्रेशमन म्हणजे आपल्याकडचा एफवायचा पोरगा, वय अठरा-एकोणीस. एनबीएने, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगने, २००५ च्या करारात नियम आणला की ड्राफ्टच्या (टीम्स आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या) वर्षात खेळाडू १९ चा व्हायला हवा आणि हायस्कूल संपून एक सीझन गेलेला हवा, आणि २००६ च्या ड्राफ्टपासून तो लागू झाला. त्याआधी कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स वगैरे मंडळी हायस्कूलमधून डायरेक्ट एनबीएत गेलेली. नियम आल्यावर टॉपची पोरं एक वर्ष कॉलेजात खेळणार आणि निघणार हे ठरूनच गेलं, याला तिकडे वन अँड डन म्हणतात. त्यामुळे एनबीएच्या टीम्सना कोट्यवधी डॉलर्सचा निर्णय तीस-पस्तीस मॅचेस बघून घ्यावा लागतो, दुसरं वर्ष बघायची सोयच नाही. गंमत म्हणजे १९७२-७३ च्या आधी फ्रेशमनला कॉलेजच्या मुख्य टीममधून खेळायलाच मिळत नसे. लू अल्सिंडर, म्हणजे पुढे करीम अब्दुल-जब्बार झालेला, १९६५ मध्ये यूसीएलएच्या फ्रेशमन टीममध्ये होता आणि त्या टीमने स्वतःच्याच कॉलेजच्या मुख्य टीमला ७५-६० ने हरवलेलं, त्यात त्याचे ३१ पॉइंट्स, तरी वर्षभर बाहेरच! असो.

आता यंग. हा नॉर्मनचाच पोरगा, म्हणजे जिथे युनिव्हर्सिटी आहे त्याच गावातल्या हायस्कूलचा, उंची जेमतेम सहा फूट दोन इंच, जी एनबीएच्या हिशोबात कमीच. आदल्या वर्षी ओक्लाहोमाचा रेकॉर्ड होता ११ विजय २० पराभव, म्हणजे टीमची वाट लागलेली. हा आला आणि सीझन संपला तेव्हा ॲव्हरेज होतं २७.४ पॉइंट्स आणि ८.७ असिस्ट (ज्या पासवर सहकारी लगेच बास्केट करतो तो), दोन्हीत देशात पहिला. एकाच सीझनमध्ये पॉइंट्स आणि असिस्ट दोन्हीत देशात पहिला येणं त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं, फ्रेशमन सोडा, सीनिअरलाही, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या पोरालाही नाही.

आणि ही टीम शेवटी १८-१४ वर संपली.

मग पोरगा भारी की नाही? इथूनच खरं काम सुरू होतं.

पहिली पायरी म्हणजे ॲव्हरेज बाजूला ठेवायचं आणि विचारायचं की हे पॉइंट्स किती शॉट्समध्ये आले. क्रिकेटमध्ये नुसतं ५० चं ॲव्हरेज ऐकून आपण गप्प बसतो का, लगेच विचारतो स्ट्राइक रेट काय, तसंच हे. यंगने सीझनभरात ६१८ शॉट्स मारले, त्यातले २६१ गेले, म्हणजे ४२.२ टक्के. ऐकायला हे बेकार वाटतं. पण थांबा, त्या ६१८ पैकी ३२८ शॉट्स थ्री-पॉइंटर लाइनच्या बाहेरून होते, निम्म्याहून जास्त, आणि त्यातले ११८ गेले. बाहेरून गेलेला बॉल तीनचा असतो, आतला दोनचा, मग दोघांना एकाच तराजूत तोलून कसं चालेल? म्हणून प्रत्येक थ्रीला दीड बास्केट धरतात. २६१ मध्ये ११८ चे निम्मे म्हणजे ५९ मिळवले की ३२० होतात, भागिले ६१८, उत्तर साधारण ५१.८ टक्के. याला इफेक्टिव्ह फील्ड गोल टक्केवारी म्हणतात. नाव जड आहे, काम एवढंच.

अजून एक राहिलं, फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याने फाउल केला की लाइनवरून मिळणारा एक पॉइंटचा मोकळा शॉट. यंगला २७४ फ्री थ्रो मिळाले आणि त्याने २३६ टाकले, ८६ टक्के. फाउल काढून लाइनवर जाणं हेही स्किलच आहे, ते हिशोबात नको? त्यासाठी ट्रू शूटिंग नावाचा आकडा. भागाकारात वर एकूण पॉइंट्स ८७६. खाली शॉट्स ६१८ अधिक फ्री थ्रोचे ०.४४ पट, आणि सगळ्याची दुप्पट. हे ०.४४ कुठून आलं? तर दोन फ्री थ्रो म्हणजे साधारण एक शॉट वाया, पण बास्केट झाल्यावर मिळणारा एक जादा फ्री थ्रो किंवा तीनचा फाउल यांमुळे अगदी अर्धा धरता येत नाही, म्हणून अनुभवाने ठरवलेला गुणक. काही जण कॉलेजसाठी थोडा वेगळा गुणक घेतात. कसंही केलं तरी यंगचा आकडा ५८-५९ टक्क्यांच्या आसपास येतो. हा चांगला आकडा आहे, अचाट नाही. झायन विल्यमसन पुढच्याच वर्षी ड्यूककडून ६८ टक्के शॉट्स टाकत होता, साधे शॉट्स, कुठलाही गुणक न लावता! पण झायन बास्केटच्या जवळ जाऊन बॉल कोंबायचा आणि यंग तीस फुटांवरून मारायचा, दोघांची कामं वेगळी, म्हणून आकडे शेजारी ठेवताना एवढं भान पाहिजे.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित, ती म्हणजे ओझं. मैदानावर असताना टीमची किती पझेशन्स (बॉल ताब्यात असलेल्या खेळी) एका खेळाडूच्या हातात संपतात, म्हणजे शॉटने, फाउल मिळवून किंवा बॉल घालवून, त्याला यूसेज रेट म्हणतात. पाच जणांत सरळ वाटप केलं तर प्रत्येकाला २० टक्के येतात. यंगचं प्रमाण एक तृतीयांशाच्या बरंच वर होतं, आणि हे दर मॅचला पस्तीस मिनिटं, ४० मिनिटांच्या खेळात. त्यावर असिस्टही त्याचेच. म्हणजे जवळपास प्रत्येक हल्ला याच्यापासून सुरू व्हायचा आणि बऱ्याचदा याच्यापाशीच संपायचा. ओझं वाढलं की टक्केवारी पडते हे जगजाहीर आहे, कारण सोपे शॉट्स संपतात आणि शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला दिलेली वेळ, संपत आलं की घाणेरडा बॉल याच्याच हातात येतो. तर २० टक्के ओझ्यावर ६० टक्के ट्रू शूटिंग करणारा आणि यंगएवढ्या ओझ्यावर ५८ करणारा, यांत दुसरा मला जास्त वजनदार वाटतो. लोक नेमकं उलटं वाचतात.

टर्नओव्हरचंही, म्हणजे बॉल घालवण्याचंही, तसंच. मॅचला ५.२ टर्नओव्हर, एकूण १६७, हा आकडा घेऊन त्याला खूप झोडपलं गेलं. असिस्ट २७९, म्हणजे एका टर्नओव्हरमागे दोनही असिस्ट येत नाहीत, आणि पॉइंट गार्डकडून, म्हणजे हल्ला चालवणाऱ्या खेळाडूकडून, कोचला किमान दोन तरी हवे असतात. हे खरंच कमी आहे, याची सफाई मी देणार नाही. त्यातले बरेच टर्नओव्हर आळशी पासचे होते, एका हाताने क्रॉस कोर्ट फेकायचा आणि समोरचा गार्ड वाटच बघत असायचा. फक्त एक ध्यानात ठेवा, ओक्लाहोमा त्या वर्षी देशातल्या सगळ्यात वेगात खेळणाऱ्या टीम्सपैकी एक होती, म्हणजे मॅचमध्ये पझेशन्सच जास्त. त्यामुळे पॉइंट्स, असिस्ट आणि टर्नओव्हर तिन्ही फुगतात. म्हणूनच केन पोमरॉयसारखे कॉलेज बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ लोक सगळं पर मॅच न मोजता पर १०० पझेशन्स मोजतात, आणि समोरची टीम किती तगडी त्याचाही हिशोब घालतात.

समोरच्या टीमवरून आठवलं, आता मुख्य मुद्दा. कॉलेज सीझन नोव्हेंबरच्या सुरुवातीला चालू होतो, आणि डिसेंबर संपेपर्यंत बहुतेक मॅचेस कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांच्या, बाहेरच्या असतात. त्यात काही मोठ्या टीम्स आणि बऱ्याच लिंबूटिंबू, ज्यांना मोठी कॉलेजं पैसे देऊन घरच्या कोर्टवर खेळायला बोलावतात. १९ डिसेंबर २०१७ ला यंगने नॉर्थवेस्टर्न स्टेटविरुद्ध २६ पॉइंट्स आणि २२ असिस्ट केले. २२ असिस्ट म्हणजे एका मॅचच्या राष्ट्रीय रेकॉर्डशी बरोबरी! स्कोअर काय होता? १०५-६८. रेकॉर्ड खरा आहे, पण ती मॅच आणि फेब्रुवारीतली मॅच ॲव्हरेजमध्ये सारख्याच वजनाने बसते, ही ॲव्हरेजची खोट. अर्थात नोव्हेंबरमध्ये त्याने ओरेगनसारख्या टीमला ४३ पॉइंट्स ठोकले होते, म्हणजे नुसत्या कच्च्या टीम्सवर पोट भरलं असंही नाही.

मग डिसेंबरच्या अगदी शेवटी कॉन्फरन्स चालू झाली. ओक्लाहोमा तेव्हा बिग ट्वेल्व्हमध्ये होती, नाव बारा पण टीम्स दहा, आणि प्रत्येकीशी दोनदा खेळायचं, एकदा घरी एकदा त्यांच्याकडे, एकूण १८ मॅचेस. याचा अर्थ काय होतो बघा. नोव्हेंबरमध्ये समोरच्या कोचकडे या पोराचं कॉलेजमधलं व्हिडिओ फुटेज जवळपास शून्य. जानेवारीत पंधरा मॅचेसचं आहे, आणि फेब्रुवारीत तर स्वतःच्या टीमने त्याच्याशी खेळलेली मॅचही हातात आहे. मग असिस्टंट कोच रात्रभर बसून शोधतात की हा डावीकडे गेला की काय करतो, स्क्रीन (वाट अडवायला मध्ये उभा राहिलेला खेळाडू) आली की वरून जातो की खालून, दोघांनी घेरलं की बॉल कुणाला देतो. फ्रेशमनची खरी परीक्षा ही, कारण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचा इतका बारीक अभ्यास करून आलेलं असतं.

म्हणून सीझनचे दोन तुकडे करायचे. यंगच्या बाबतीत तर ते आपोआप पडतात. १३ जानेवारी २०१८ ला टीसीयूविरुद्ध ओव्हरटाइममध्ये १०२-९७ ने जिंकले, यंगचे ४३, आणि ओक्लाहोमा झाली १४-२, रँकिंग देशात चौथं. पुढच्या १६ मॅचेसमध्ये रेकॉर्ड ४-१२. म्हणजे बरोब्बर निम्म्यावर सीझन दुमडला.

काय झालं नेमकं? तीन दिवसांनी कॅन्सस स्टेटकडे गेले, ८७-६९ ने हरले, आणि यंगचे एका मॅचमध्ये १२ टर्नओव्हर. पुढची मॅच ओक्लाहोमा स्टेट, २० जानेवारी. यंगने ३९ शॉट्स मारले, ३९! त्यातले १४ गेले, पॉइंट्स झाले ४८, आणि टीम ओव्हरटाइममध्ये ८३-८१ ने हरली. हेडलाइनमध्ये ४८ छान दिसतं पण ३९ शॉट्स मारून दोन पॉइंट्सनी हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये काय वातावरण असेल याची कल्पना करा. मग २३ जानेवारीला कॅन्सस, कॉन्फरन्समधली दादा टीम. यंगने मारले फक्त ९ शॉट्स. २६ पॉइंट्स, ९ असिस्ट, आणि ओक्लाहोमा ८५-८० ने जिंकली.

झालं, सगळ्यांना धडा सापडला, पोरगा पास देतो तेव्हा टीम जिंकते. इतकं सोपं नसतं हो. त्या मॅचच्या शेवटी ओक्लाहोमाने कॅन्ससच्या धिप्पाड उदोका अझुबुइकेला मुद्दाम फाउल करून करून लाइनवर पाठवलं आणि तो फ्री थ्रो चुकवत राहिला, ते दोन-तीन गेले असते तर निकाल फिरला असता आणि हाच धडा उलटा लिहिला गेला असता. आठवड्याने बेलरविरुद्ध ९८-९६ ने जिंकले तेव्हा यंगचे ४४ होते. तेव्हा कुणी नाही म्हणालं की बाबा कमी मार.

आणि मग फेब्रुवारीत सलग सहा पराभव. टेक्सस टेकविरुद्ध बाहेरून ९ पैकी शून्य. कॅन्ससने त्यांच्या घरी १०४-७४ असं धुतलं. या काळात बहुतेक टीम्सचा फॉर्म्युला एकच, यंग हाफ कोर्ट ओलांडतो न ओलांडतो तोच दोघं अंगावर, बॉल त्याच्या हातातून काढून घ्यायचा आणि बाकीच्या चौघांना म्हणायचं, आता तुम्ही मारून दाखवा. वेस्ट व्हर्जिनियाकडे तर जेव्हॉन कार्टर होता, देशातल्या सर्वोत्तम डिफेंडर्सपैकी एक, सीनिअर, वयाने आणि अंगाने मोठा, आणि तो पूर्ण कोर्टभर चिकटून असायचा. बाकीच्यांचे शॉट्स गेले नाहीत की यंगचे असिस्ट कमी होतात, मग तो स्वतः लांबून मारतो, मग टक्केवारी पडते, आणि टीव्हीवर म्हणतात पोरगा दमला. दमला होताच, पस्तीस मिनिटं दोघांच्या कचाट्यात पळून कोण दमणार नाही. पण त्याचा खेळ अचानक वाईट झाला असं नव्हे, त्याच्याभोवतीचं गणित बदललं, आणि त्यावर उत्तर शोधणं एकट्या एकोणीस वर्षांच्या पोराचं काम नव्हतं, कोच लॉन क्रूगर आणि बाकीच्या टीमचंही होतं. ते सापडलं नाही. सीझनअखेरच्या राष्ट्रीय टूर्नामेंटच्या ६८ टीम्समध्ये कशीबशी जागा मिळाली, त्यावरही बोंबाबोंब झाली, आणि पहिल्याच मॅचमध्ये ऱ्होड आयलंडकडून ओव्हरटाइममध्ये ८३-७८ ने बाहेर. यंगचे त्यात २८.

टीमच्या रेकॉर्डवरून फ्रेशमनला मार्क द्यायचे का, यावर माझं मत स्पष्ट आहे, फार नाही. मार्केल फुल्ट्झ २०१६-१७ मध्ये वॉशिंग्टनला २३.२ च्या ॲव्हरेजने खेळला आणि टीम ९-२२. बेन सिमन्स २०१५-१६ ला एलएसयूमध्ये १९ पॉइंट्स, जवळपास १२ रिबाउंड (चुकलेला शॉट परत पकडणं) घेत होता आणि टीम टूर्नामेंटला पोचलीच नाही. दोघेही ड्राफ्टमध्ये पहिले गेले. पण या दोघांच्या सीझनमध्ये दुसरीच एक गोष्ट लिहिलेली होती जी पुढे खरी ठरली. सिमन्सने अख्ख्या सीझनमध्ये थ्री-पॉइंटर मारले तीन. टक्केवारी बघायला जागाच नाही, न मारणं हीच माहिती. फुल्ट्झची थ्रीची टक्केवारी ४१ होती, मस्त, पण फ्री थ्रो ६५ च्याही जरा खाली. स्काउट, म्हणजे टीम्ससाठी खेळाडू हेरणारी मंडळी, अशा वेळी फ्री थ्रोवर जास्त भरवसा ठेवतात, कारण तिथे अंगावर कुणी नसतं, अंतर तेच, हाताची खरी ठेवण दिसते, तर थ्रीचे सव्वाशे-दीडशे शॉट्स म्हणजे नशिबालाही भरपूर वाव. फुल्ट्झचं पुढे खांद्याच्या दुखण्याचंही झालं हे खरं, त्यामुळे सगळं खापर त्या ६५ वर फोडणं बरोबर नाही, पण शंका घ्यायला जागा होती. यंगच्या ८६ ने उलटं सांगितलं, की थ्री ३६ टक्के दिसतायत ते शॉट्स अवघड होते म्हणून, हात खराब म्हणून नव्हे.

डिफेन्सचं काय? इथे बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचच्या आकड्यांचा तक्ता, जवळजवळ मुका असतो. स्टील (बॉल हिसकावणं) आणि ब्लॉक (शॉट अडवणं) दिसतात, पण समोरच्याला शॉटच मारू दिला नाही हे कुठल्याच रकान्यात येत नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण अँथनी डेव्हिस, केंटकीचा फ्रेशमन, २०१२ ची फायनल कॅन्ससविरुद्ध. शॉट्स १० पैकी १. पॉइंट्स फक्त ६. नुसतं एवढंच वाचलं तर वाटेल पोरगा फायनलमध्ये झोपला. पण १६ रिबाउंड, ६ ब्लॉक, ५ असिस्ट, ३ स्टील, केंटकी ६७-५९ ने चॅम्पियन, आणि टूर्नामेंटचा सर्वोत्तम खेळाडू कोण, तर हाच. कॅन्ससचे खेळाडू बास्केटजवळ जाऊन त्याला बघून बॉल परत बाहेर काढत होते, ते मोजायचं कसं? मॅच बघावीच लागते, दुसरा उपाय नाही. यंगच्या बाबतीत मॅच बघितली की उलटं चित्र, डिफेन्समध्ये तो बऱ्याचदा उभाच असायचा, स्क्रीनमध्ये अडकला की सुटायचा नाही. थोडं ओझ्यामुळे, थोडं उंचीमुळे, आणि थोडं, खरं सांगायचं तर, मन नसायचं.

वयाचाही हिशोब धरा. कूपर फ्लॅग २०२४-२५ मध्ये ड्यूककडून १९.२ च्या ॲव्हरेजने खेळला आणि देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण सीझन सुरू झाला तेव्हा तो १७ वर्षांचा होता, हायस्कूल एक वर्ष आधी उरकून आलेला. नोव्हेंबरमध्ये केंटकीविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत त्याने बॉल घालवला आणि मॅच गेली, तेव्हा लगेच शेरे सुरू झाले. जानेवारीत त्याच पोराने नॉत्र डामला ४२ ठोकले. १७-१८ व्या वर्षी दोन महिन्यांत केवढा फरक पडतो! म्हणून सीझनचे तुकडे करताना फक्त समोरच्यांनी काय शोधलं एवढंच नाही, पोराने त्यावर काय शोधलं तेही बघायचं.

यंगचा माझा हिशोब असा, हल्ल्यात असामान्य, पासची नजर तर पिढीत एखाद्यालाच मिळते अशी, निर्णय कच्चे, डिफेन्स नापास, आणि १८-१४ मधला त्याचा दोष लोक म्हणतात त्याच्या निम्मा. जून २०१८ ला डॅलसने त्याला पाचव्या नंबरवर घेतलं आणि लगेच अटलांटाला देऊन टाकलं, बदल्यात लुका डॉनचिच. त्या सौद्यावर अजून भांडणं चालू आहेत. २०२१-२२ च्या एनबीए सीझनमध्ये एकूण पॉइंट्स सगळ्यात जास्त यंगचे होते, एकूण असिस्टही सगळ्यात जास्त त्याचेच, आणि एकूण टर्नओव्हरमध्येही पहिला नंबर यंगचाच.